मोडी शिकणार म्हणून तीन वर्षं झाली, ट्रंकेतले कागद तसेच पडलेत

खारी_बटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण स्वतःचीच चीड आलीये.

२०२२ च्या दिवाळीत गावी (वाईजवळ) माळा साफ करताना पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुनी लुगडी, खाली लाल फडक्यात बांधलेलं बाड, सगळं मोडीत (पूर्वी मराठी भरभर लिहायला वापरायचे ती लिपी). आई म्हणाली पणजोबांच्याही आधीचं असेल, टाकू नकोस. आमच्याकडे लहानपणापासून एक गोष्ट ऐकतोय की ओढ्याकाठचं रान सावकाराने फसवून लिहून घेतलं आणि त्याचे कागद "आहेत कुठेतरी". तर मी फराळाच्या ताटावरच सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर करून टाकलं की मी मोडी शिकणार आणि हे सगळं वाचून काढणार.

पुढे काय केलं ते ऐका. दोन वर्ग केले, एक दहा दिवसांचा समोर बसून आणि एक ऑनलाईन, दोन्हीची सर्टिफिकेटं आहेत. बोरू आणला, शाई आणली, कित्ते गिरवले, अक्षर खरंच बरं आलंय. मोडीचा फॉन्ट टाकून घेतला, २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली हे मी ऑफिसात निदान दहा जणांना सांगितलं असेल. ट्रंकेतल्या कागदांचे ६३ फोटो काढले, फोल्डरचं नाव "वाचायचे". वाचून झालेली पानं शून्य. फोटो उघडला की मुंग्यांची रांग दिसते, पाच मिनिटं बघतो, मग म्हणतो आधी मुळाक्षरं पक्की करू आणि पुन्हा कित्ता घेऊन बसतो.

इच्छा नाही असं नाही हो, इच्छा भरपूर आहे, तीच तर डोक्यावर बसलीये. बायको म्हणते तुला मोडी वाचण्यापेक्षा मोडी शिकतोय हे सांगायला जास्त आवडतं. लागलं मनाला. इथल्या जाणकारांनी सांगा काय चुकतंय.

चिंचगुळ

+१. फक्त मोडीच्या जागी पेटी (वाजवायची, हार्मोनियम) वाचावे. मी तर पेटीला मखमली कव्हर शिवून घेतलंय, मस्त बसलंय.

बोरूबहाद्दर

मी निवृत्त माणूस, वीसेक वर्षं मोडी वाचतोय, हौस म्हणून. एकेरी लिहितो, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे तुझी बायको बरोबर बोलली. दुसरं म्हणजे तू शिकलास ते मोडी लिहायला, आणि तुला करायचंय वाचन. कित्त्यातला क एकटा असतो, आंघोळ करून बसल्यासारखा. कागदावरचा क कुणा कारकुनाने दिवे लागायच्या आत संपवायचंय म्हणून भरभर ओढलेला असतो. तो आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग तिला खालून अक्षरं टांगत जायचा, हात होईल तितका कमी उचलायचा. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते रेघ सांगत नाही. विरामचिन्हं नाहीत. इकार एकच, उकार एकच, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही गेला. काना लागला की कित्येक अक्षरांचा आकारच बदलतो आणि र तर शेजारी कोण आहे ते बघून वेष पालटतो. मुळाक्षरं पक्की करून मग कागदाला हात लावीन म्हणणारा जन्मभर मुळाक्षरंच गिरवतो, मी असे खूप पाहिलेत.

तर ते ६३ फोटो विसर, एक कागद घे. स्टॅम्पपेपर असला तर उत्तम, कारण दस्ताचा साचा ठरलेला असतो. वर शके, संवत्सर, महिना, तिथी. मग लिहून घेणार अमुक, राहणार मौजे तमुक, मग लिहून देणार अमुक, मग "कारणे", आणि तिथून पुढे काय लिहून दिलं ते. शेवटी साक्षी, आणि ज्याच्या हातचं अक्षर त्याचं "बी कलम". आधी डोकं आणि पाय वाच, पोट नंतर.

आता जे वर्गात कोणी सांगत नाही ते. एक वही कर आणि दोन पेनं घे. ओळीखाली ओळ बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत उतरव. जे अक्षर अक्षर म्हणून डोळ्याला दिसलं ते काळ्या पेनाने. जे "इथे हेच असणार" म्हणून लिहिलंस ते लाल पेनाने. नाहीच लागलं तिथे टिंबं देऊन पुढे जायचं, अडून बसायचं नाही. मी पहिली तीन-चार वर्षं अंदाजालाच वाचन म्हणत होतो. एका यादीत मी "आंबे १२" वाचलं आणि त्यावरून त्या घराची आमराई कुठे असेल यावर दोन पानं टिपण लिहून काढलं, एका अभ्यासकाला दाखवलंसुद्धा. ते "तांबे १२" होतं. शेजारी घंगाळ, परात, पातेली असं सगळं होतं, पण मी कोकणातला, मला आंबेच दिसले.

दिवसाला पाच ओळी, जास्त नको. आणि "वेळ मिळाला की बसेन" असं म्हणू नकोस, जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर वही उघडायची.

पंचांगी_पोर

तांबे १२ 😂 वाचनखूण साठवली.

कोरा_सातबारा

मला एक कळत नाही, हे सगळं कशाला? पैसे देऊन वाचून घ्या की. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा जुनी कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची) मोडीत निघाली आणि वाचणारे मिळेनात, आमच्या तालुक्यात तर जे दोघं होते त्यांच्याकडे नंबर लावावा लागत होता. मीही एका पानासाठी लावला, दोन दिवसांत काम झालं, मला मोडीतला अ सुद्धा येत नाही आणि काही अडलं नाही. म्हणून विचारतो, तुम्हाला मोडी यायला हवीये का कागदात काय आहे ते कळायला हवंय? दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. आधी ते ठरवा मग पेनं आणा.

जर्सीची_मावशी

शॉर्टकटवाल्यांसाठी माझा अनुभव. सासरच्या एका कागदाचा फोटो मी एका एआयला टाकला. इतका झकास उतारा दिला म्हणून सांगू, श्रीमंत, स्वारी, मुक्काम, सगळं. मी इथून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांच्या डोळ्यात पाणी. नंतर पुण्याच्या एका ओळखीच्या जाणकारांनी बघितला तर ती वाण्याची उधारी, गूळ, गोडंतेल आणि सुपारी. एका शब्दालाही त्या यंत्राने "हे मला नीट दिसत नाहीये" म्हटलं नव्हतं, लाल पेन नाहीच त्याच्याकडे. पुढे सुधारेल म्हणतात, सुधारो बापडं. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

आबा_साताराकर

माझा जन्म १९३८ चा. आम्हाला शाळेत मोडी होती, मास्तर रूळ घेऊन उभे असायचे. सांगण्याचा मुद्दा असा की बोरूबहाद्दरांशी मी अर्धा असहमत आहे. लिहिणं वाया जात नाही. मला आज मोडीचं अक्षर डोळ्याने पटकन ओळखू येत नाही परंतु बोट हवेत त्या वळणाने फिरवलं की आपोआप कळतं हा अमुक आहे, कारण हात कुठून निघाला आणि कुठे वळला हे हाताला ठाऊक असतं. तेव्हा या मुलाने कित्ता सोडावा परंतु लिहिणं सोडू नये. त्या कागदावरची ओळ अर्थ न लावता जशीच्या तशी मोडीतच उतरवून काढावी, चार-पाच वेळा. त्या कारकुनाचा हात आपल्या हातात येतो.

बोरूबहाद्दर

आबा, मान्य. मी फटकळपणे लिहिलं. शिळी ओळ हातात घोटून मग वाचणं हे मीही करतो, सांगायचं राहिलं.

खारी_बटर

कोरा_सातबारा, तुमचा प्रश्न टोचला, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण देता येईना. आधी "दोन्ही" असं टाईप केलं आणि खोडलं. खरं सांगायचं तर मला त्या रानाचं प्रकरण *मी* शोधून काढलं असं गावात जाऊन सांगायचंय. म्हणजे मोडीही नकोय आणि कागदही नकोय, चावडीवर चार माणसांत ते सांगतानाचा मी हवाय. लिहिताना लाज वाटतेय पण आता इथे लिहिलंय तर लिहिलंय. सर्टिफिकेटं का साठत गेली तेही लक्षात आलं, ती लगेच दाखवता येतात.

असो. आठ आण्याचा स्टॅम्प असलेला एक कागद निवडलाय. वही आणली. कालपासून ताटं उचलली की बसतोय.

बोरूबहाद्दर

मानाची हौस असू दे रे, तिच्या जोरावरही माणूस रोज पाच ओळी करतो. फक्त सावकाराची गोष्ट डोक्यात घेऊन बसला आहेस, लाल पेन जवळ ठेव.

तंजावरी_डबा

थोडं अवांतर. आमच्याकडे तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीची बाडंच्या बाडं आहेत, मराठे राजांच्या दफ्तराची. घरात आम्ही मराठी बोलतो (तुम्हाला ऐकून हसू येईल अशी), लिहितो तमिळमध्ये. मोडी शिकायचं माझंही पाच वर्षं चाललंय. दोन पेनांची आयडिया उचलतोय.

खारी_बटर

आठवड्याचा हिशोब. रोज पाच ओळी झाल्या नाहीत, सातपैकी पाच दिवस बसलो, एके दिवशी दीड ओळ. आबांचं ऐकून पहिल्या ओळी तशाच गिरवल्या आणि चौथ्या वेळेला अचानक "मार्गशीर्ष" सुटला, अहो खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. पहिल्या पानावर काळं कमी लाल जास्त आहे, शब्द मोजले तर ४१ लाल निघाले आणि टिंबं वेगळी.

तारीख अशी लागली: शके १८२७ विकारी नाम संवत्सरे मार्गशीर्ष वद्य ५. संवत्सर काळ्या पेनात आहे, स्वच्छ आहे. सालाचा शेवटचा आकडा घडीवर आलाय, शाई उडालीये. म्हणजे १९०५ ना?

पंचांगी_पोर

थांबा थांबा, काहीतरी गडबड आहे. शके १८२७ चा संवत्सर विश्वावसु येतो. सोपं आहे, साठ संवत्सरांचं चक्र असतं, १८२७ मध्ये १२० मिळवा, १९४७, म्हणजे २०२५ च्या पाडव्याला लागलं ते साल, पंचांगावर विश्वावसु छापलेलं आठवेल बघा. विकारी त्याच्या सहा वर्षं आधी, २०१९ चा पाडवा, शके १९४१. त्यातून १२० वजा केले की १८२१. तर तुमचा तो ७ नसून १ आहे, घडीत खालचा भाग गेला असणार. मार्गशीर्ष वद्य म्हणजे १८९९ चा डिसेंबर.

७ काळ्या पेनाने लिहिला होतात का लाल?

खारी_बटर

काळ्या 🙈

पंचांगी_पोर

हं.

कोरा_सातबारा

१८९९ म्हणजे मोठ्या दुष्काळाचं साल की, १८९९-१९०० चा. तेव्हाचे गहाणखतांचे कागद जुन्या घरांतून सापडतात. आणि सातारा जिल्हा असेल तर अजून एक. १८७५ ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे (कर्जाचे कागद) जाळले, दंगे पसरले, त्यानंतर सरकारने १८७९ चा शेतकऱ्यांसाठीचा कायदा आणला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात कोर्टाला नुसत्या कागदावर न जाता मागचा सगळा व्यवहार उकरून बघता यायचा. म्हणजे सावकार वाट्टेल ते लिहून घेत होते आणि कोणी विचारत नव्हतं अशी सरळ गोष्ट १८९९ ला नव्हती. (मोडी येत नाही पण जमिनीच्या भानगडी येतात आम्हाला.)

चिंचगुळ

धागा भलताच रंगलाय. काल पेटीचं कव्हर काढलं. सध्या एवढंच.

खारी_बटर

तीन आठवडे झाले. कागद जवळजवळ पूर्ण लागलाय, लालाचे ४१ वरून १७ वर आलेत. ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो.

गहाणखतच आहे. ओढ्याकाठच्या रानाचं, चतुःसीमेत पूर्वेस ओढा स्पष्ट आहे. रुपये ७५. व्याजाच्या जागी १ आणि पुढे दोन उभ्या रेघा आहेत, दरमहा दर शेकडा, मी पूर्णविरामाचे दंड समजून सोडून दिले आणि एक टक्का लिहिलं.

आता वरचा भाग. आमचं आडनाव पहिल्याच दिवशी सापडलं होतं आणि त्याच्या आधीचे दोन शब्द मी "लिहून देणार" असे लिहून मोकळा झालो होतो. काळ्या पेनाने. रोज ती ओळ डोळ्यासमोरून जायची. परवा वही सुरुवातीपासून पुन्हा वाचत होतो, बोरूबहाद्दरांचा साचा आठवला, आधी घेणार मग देणार. आमचं आडनाव *आधी* आहे. मग तो शब्द भिंगाखाली घेतला, पाच वेळा गिरवला. दे नाहीये, घे आहे. लिहून घेणार. दुसऱ्या जागी दुसरंच नाव आहे, मौजे तेच, आमच्याच गावचा कोणीतरी, ते आडनाव आता गावात नाही. खाली त्याच्या सहीच्या जागी सही नाही, एक छोटं चित्र आहे, मी ते आधी शाईचा डाग समजलो होतो. शेजारी लिहिलंय "निशाणी नांगर".

म्हणजे ७५ रुपये देणारे आम्ही. आमच्या गोष्टीतला सावकार आमच्याच घरातला.

तीन आठवडे समोर असलेला शब्द मला दिसला नाही कारण तो दिसायला नकोच होता बहुतेक. आईला अजून सांगितलं नाही.

जर्सीची_मावशी

बाप रे. अंगावर काटा आला. नांगराचं चित्र...

आबा_साताराकर

लिहिता न येणारा कुणबी नांगर काढत असे. आमच्याही घरच्या कागदांवर आहे, आमचा नांगर लिहून देणाऱ्याच्या बाजूचा.

बोरूबहाद्दर

आधी किरकोळ. मोडीत दंड नसतात, पूर्णविरामही नसतो, सांगितलं होतं. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. म्हणजे १॥, दरमहा दीड रुपया शेकडा, वर्षाला अठरा. वहीत दुरुस्त कर.

आता मोठं. तू घे वाचलास, तोही इतक्या दिवसांनी आणि मनाविरुद्ध, माझ्या मते हा तुझा पहिला वाचलेला शब्द. आधीचे सगळे अंदाज होते, बरोबर आलेले धरूनसुद्धा. पण लगेच उलट्या टोकाला जाऊ नकोस. गहाण म्हणजे जमीन गेली असं नाही, तुमच्या माणसाने फसवलं असंही या कागदात कुठे नाही, दुष्काळात धान्याला पैसे दिले असतील आणि चार वर्षांनी त्याने सोडवून नेलीही असेल. मग ती जमीन पुढे कोणी, कुणाकडून आणि कशी लाटली ही गोष्ट वेगळीच असू शकते. "आमच्या घरातला सावकार" हे तू कोणत्या पेनाने लिहिलंस सांग बघू.

खारी_बटर

लाल. मान्य.

कोरा_सातबारा

बोरूबहाद्दर म्हणतात ते बरोबर. गहाण सुटल्याचा वेगळा कागद असेल किंवा नसेलही. माझा अनुभव असा की भरणा आला की पुष्कळदा मूळ रोख्याच्याच पाठीवर लिहायचे, अमुक मितीस इतके पावले म्हणून. पाठ बघितलीत का?

खारी_बटर

फोल्डर उघडून बघितलं. ६३ च्या ६३ फोटो पुढच्या बाजूचे आहेत. तीन वर्षांत मी एकही कागद उलटा करून पाहिलेला नाही.

शनिवारी सकाळी सहाची वाईची एसटी आहे. वही घेतलीये, दोन्ही पेनं घेतलीयेत. बायको म्हणतेय मी पण येते, तू उलटशील आणि मी फोटो काढीन.